पिवळ्याच्या अकरा पट्ट्या

मी जर्मनीला निघाले तेव्हा स्वेटर, लोणचं, ठेचा आणि उपदेश हे सगळं मायनं दिलं. बाबांनी दिलं फक्त एक खाकी पाकीट. त्यात ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या अकरा पट्ट्या होत्या. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. प्रत्येक पट्टी पिवळ्या रंगानं रंगवलेली, पण कुठलीही दुसरीसारखी नाही. वर कोपऱ्यात एक ते अकरा आकडे घातलेले आणि पाठीमागे बाबांच्या बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

"याचं काय करू बाबा?"

"तिथी गेल्यावर त्या चित्रासमोर उभी राह्य. एक डोळा मीट, हात लांब करून एकेक पट्टी धर अन् कोणती जमते ते पाह्य."

"अन् एकबी नाही जमली तर?"

"तर तसं लिही. मले खूश करायले काही लिहू नको."

नागपूरच्या फलाटावर गाडी सुटायला पाच मिनिटं होती. माय रडत होती, धाकटा भाऊ ट्रंकेवर बसला होता आणि बाबा मला पट्टी कशी धरायची ते दाखवत होते.

ते चित्र कुठलं, हे सांगायचं तर छप्पन सालापर्यंत मागे जावं लागेल.

बाबा पांढरकवड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. सुट्टीच्या दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणींवर उमटवायच्या खुणांचे पत्रे कापून द्यायचे, निवडणूक आली की भिंती लिहायचे. देवळाचं काम मात्र त्यांच्याकडे कधी आलं नाही. आमचा हात देवळाच्या भिंतीला कोण लावू देणार होतं? बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत. छप्पनच्या दसऱ्याला ते आणि माय नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला आणि भावाला नेरला मामाकडे ठेवलं होतं आणि मला नेलं नाही म्हणून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. पुढं पंधरा दिवस गेले नसतील, तोच आमच्या दारात बाहेरगावचे लोक येऊन बसायला लागले.

"मास्तर, आमच्या वस्तीत भगवंताची तसवीर काढून द्या."

प्रत्येक गावात लोकांनी एक खोली सारवून तयार ठेवलेली. कुठे वर पत्रे, कुठे पळाटीचं, कापसाच्या वाळक्या काड्यांचं छप्पर. मूर्ती आणायची ऐपत नव्हती, पण भिंत होती आणि चुना होता. बाबांनी एका जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रावरून घोटून घोटून हात बसवला आणि रविवारी, सुट्ट्यांत, गावोगाव जायला लागले. मी बरोबर असायचे. रंगाच्या पुड्या सांभाळणं, डिंकासारखा सरस ढवळणं, ब्रश धुणं ही माझी कामं. लोक बाबांना 'मास्तर' म्हणत आणि मला 'मास्तरीणबाई'. जेवायला पहिल्या पंगतीत बसवत. बाबांचा एवढा मान मी शाळेतही पाहिला नव्हता.

चेहरा त्यांना सहज जमायचा. अर्धे मिटलेले डोळे, कानाच्या लांब पाळ्या, ओठांवरचं ते न हसता हसणं. अडायचं ते चीवरापाशी. त्या वस्त्राचा पिवळा रंग त्यांच्या मनासारखा उतरेना. आमच्याकडे बाजारात मिळायची ती पेवडी, पिवळ्या मातीची पूड. सरसात कालवून लावली की ओली असताना झळकायची आणि वाळली की पडायची.

मुकुटबनकडच्या एका गावात भिंत पुरी झाली तेव्हा सगळी वस्ती बघायला जमली. एक म्हातारी पुढं आली. बराच वेळ बघून म्हणाली, "मास्तर, राग नका मानू. भगवंत लय सुंदर काढला तुमी. पण हे वस्त्र हळद फासल्यावानी दिसून राह्यलं. जसा काही नवरदेवच बसला पाटावर."

लोक खो खो हसले. बाबाही हसले, सगळ्यांत जास्त हसले. परतताना मोटरमध्ये मात्र नखांत अडकलेली पेवडी खरवडत बसले. उतरताना म्हणाले, "बाई खरं बोलली."

तेव्हापासून आमचं घर पिवळं व्हायला लागलं. पळसाची फुलं उकळून झाली. तो रंग पहिल्या दिवशी असा काही पेटला की बाबा शेजाऱ्यांना हाका मारून आले, आणि महिन्याभरात चहाच्या डागासारखा झाला. पेवडीत गेरू कालवून पाहिला, तर रंग मडक्यासारखा व्हायचा. एकदा कुठल्याशा वैद्याकडून हरताळाची पुडी आणली. ते विष असतं हे कळल्यावर मायनं ती पुडी परसात खोल पुरली.

अशात ते पान घरात आलं. जिनिंगच्या मॅनेजर साहेबांकडे इंग्रजी मासिकं यायची. जुनी झाली की ते ती बाबांना देत, वर्गात दाखवायला. त्यातल्या एकात, पानभर, एक चित्र छापलं होतं. चित्र म्हणजे काय, तर सगळं पान पिवळं आणि अगदी खाली काठाला विटकरी रंगाची एक बारीक रेघ. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. बाबांनी त्या बोट ठेवून वाचल्या. हे चित्र जर्मनीत राइन नदीकाठच्या एका शहरात आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे, असं त्यात लिहिलं होतं.

मायनं बघितलं आणि म्हणाली, "हे कायचं चित्र हाय? पानावर वरण सांडल्यावानी दिसते."

"याच्यात काढलेलं काहीच नाही," बाबा म्हणाले. "तरी मी सकाळपासून पाहून राह्यलो. असा पिवळा मले जमला तर मी दुसरं काही मागणार नाही."

ते पान त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नवीन रंग कालवला की दार उघडायचं आणि बोटानं कालवलेला ठिपका त्या पानाशेजारी धरायचा. पण त्यांच्या मनात एक शंका होती. छापखान्यातली शाई खरी थोडीच असते? मूळ चित्राचा पिवळा वेगळाच असेल. आपण ज्याची नक्कल करून राह्यलो तेच मुळी नक्कल आहे, असं ते म्हणायचे. त्यावर काही उपाय नव्हता. पांढरकवड्याहून जर्मनीला जाऊन कोण बघून येणार?

मी नर्सिंगला नागपूरला गेले. शिकून झालं आणि साठ सालानंतर काही वर्षांनी जर्मनीतल्या एका दवाखान्यासाठी मुली निवडल्या, त्यात माझा नंबर लागला. गावाचं नाव कळल्यावर बाबांनी शाळेतला नकाशा घरी आणला. त्यावर बोट फिरवलं, मग अंगठ्यानं अंतर मोजलं. माझा दवाखाना आणि ते शहर यांच्यामध्ये अर्ध्या अंगठ्याचं अंतर होतं. माय त्या रात्री जेवली नाही. बाबा मात्र पट्ट्या रंगवायला बसले.

तिकडे गेल्यावर पहिले सात महिने मी त्या शहराकडे फिरकलेच नाही. भाषा येत नव्हती. थंडीनं बोटं फुटली होती. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाया माझ्या हाताला हात लावून बघायच्या, रंग निघतो का म्हणून, आणि मग तोच हात धरून बसायच्या. पाकीट ट्रंकेत तळाशी होतं. बाबांच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ ठरलेली, 'पट्ट्या लावून पाहिल्या काय?' मी बर्फाबद्दल लिहायचे, बटाट्याबद्दल लिहायचे, पट्ट्यांबद्दल काही लिहीत नव्हते.

अखेर एका रविवारी सुट्टी मिळाली. आमच्या वॉर्डाच्या मुख्य नर्सबाईंनी कागदावर स्टेशनचं नाव, ट्रामचा नंबर आणि 'मला संग्रहालयाकडे जायचं आहे' हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो कागद रस्ताभर लोकांना दाखवत मी पोचले.

त्याआधी मी नागपूरचा अजबखाना तेवढा पाहिला होता. तिथं पेंढा भरलेला वाघ होता, जुनी नाणी होती, दगडी मूर्ती होत्या. इथं तसं काही नव्हतं. पहिल्याच दालनात गंजलेल्या लोखंडाचा मोठा गुंता उभा होता. पांढरकवड्याला लोहाराच्या भट्टीमागे तसला ढीग कायम असायचा, फक्त त्याच्याभोवती कोणी दोरी बांधली नव्हती. एका भिंतीवर नुसत्या काळ्या रेघा. माणसं मात्र इतकी गुपचूप चालत होती, जशी मोठे डॉक्टर राउंडला आले की वॉर्डात चालतात. माझ्या बुटांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला.

चौथ्या का पाचव्या दालनात ते होतं.

मी ओळखलंच नाही. कपाटाच्या दारावरचं पान वीतभर, म्हणून माझ्या डोक्यात ते खिडकीएवढं होतं फार तर. हे माझ्याहून उंच होतं. भिंतच्या भिंत पिवळी. खाली ती विटकरी रेघ दिसली तेव्हा खात्री पटली. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की हेच का ते? यासाठी दहा वर्षं?

पण सांगितलेलं काम होतं. मी पर्समधून पाकीट काढलं, एक नंबरची पट्टी काढली आणि चित्राच्या जवळ नेली.

"नाइन! नाइन!"

नाही, नाही असं ओरडत कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक राखणदार उठून आला. साठीचा माणूस, निळा कोट, डावा गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय ओढत चालायचा. मी पट्टी छातीशी धरली. मला वाटलं, आता पोलिसांना बोलावतो. माझ्याजवळ जे काही शब्द होते ते एकापाठोपाठ एक बाहेर पडले. "माझे वडील. शिक्षक. लांब. रंग. पिवळा."

त्यानं हात पुढं केला. मी पट्ट्या दिल्या. त्यानं एकेक करून सगळ्या पाहिल्या, मग उलट्या केल्या. पाठीमागे बाबांनी लिहिलं होतं, 'पेवडी तीन भाग, गेरू चिमूटभर, सरस पातळ.' त्या अक्षरांवर त्यानं बोट फिरवलं आणि हे काय, असं खुणेनं विचारलं. कृतीला काय म्हणतात ते मला येत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर औषधं लिहून देतात त्या चिठ्ठीचा शब्द येत होता, तोच सांगितला, "रेत्सेप्ट." तो इतक्या मोठ्यानं हसला की दालनातली माणसं वळून बघायला लागली. मागून कळलं, त्यांच्याकडे स्वयंपाकाच्या कृतीलाही तोच शब्द आहे. म्हणजे मी नकळत बरोबर बोलले होते.

त्यानं बुटाच्या टोकानं जमिनीवर एक जागा दाखवली. इथं उभी राहा, याच्या पुढं नाही. मी उभी राहिले. एक डोळा मिटला, हात लांब केला. तो माझ्या मागे उभा राहिला आणि त्यानंही एक डोळा मिटला. मला सात नंबरची जमल्यासारखी वाटली. तो मान हलवून दुसरी दाखवायला लागला. आमचं बोटांनीच भांडण चाललं होतं, तेवढ्यात उजेड बदलला. त्या दालनाचं छत काचेचं होतं. बाहेर ढग सरकला असणार. माझी सात नंबरची पट्टी एकदम मळकी दिसायला लागली आणि चित्र उजळलं. राखणदारानं वर बोट दाखवलं आणि हळूहळू, मला समजेल अशा शब्दांत म्हणाला, "सकाळी वेगळा. दुपारी वेगळा. संध्याकाळी वेगळा. मी रोज बघतो, श्वेस्टर."

तिकडे नर्सला 'श्वेस्टर' म्हणतात, म्हणजे बहीण. 'रेत्सेप्ट' म्हणताना मी नाडी बघायची खूण केली होती, त्यावरून मी नर्स आहे हे त्याला कळलं होतं.

मग त्यानं असं काही सुचवलं की मी गडबडले. या पट्ट्या माझ्याजवळ ठेव, तो म्हणाला. मी रोज इथं असतो. प्रत्येक तासाला लावून बघेन आणि लिहून ठेवेन. बाबांनी डोळ्यांत तेल घालून केलेल्या पट्ट्या, त्या अनोळखी माणसाच्या हाती कशा द्यायच्या? पण त्याच्याकडे बघून नाही म्हणवेना. आकडे मराठीत होते, म्हणून त्याच्या वहीवर मी १ ते ११ लिहून दिले आणि समोर त्यांचे आकडे लिहिले. त्यानं माझ्या दवाखान्याचं नाव विचारून त्याच पानावर टिपून घेतलं. परतीच्या गाडीत पर्स हलकी लागत होती आणि मला सारखं वाटत होतं, की मूर्खपणा केला.

पुढच्या रविवारी ड्यूटी होती. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, तर खुर्चीवर दुसराच माणूस. तरुण, पेपर वाचत बसलेला. मी त्या पाय ओढणाऱ्या राखणदाराबद्दल विचारलं.

"आजारी," तो म्हणाला. तो शब्द मला सगळ्यांत चांगला समजत होता.

"कुठल्या दवाखान्यात?"

त्याला ठाऊक नव्हतं. पट्ट्यांबद्दल विचारलं तर त्यानं खांदे उडवले.

मी त्या चित्राकडे न बघताच परत आले. तो महिना कसा गेला ते मलाच माहीत. बाबांचं पत्र आलं, शेवटची ओळ तीच. मी उत्तरात लिहिलं की इथं झाडांना पालवी फुटली आहे. बाबा पत्रातलं न लिहिलेलंही वाचत असत. त्यांचं पुढचं पत्र आलं त्यात ती ओळ नव्हती, आणि ती नव्हती म्हणून मी जास्त रडले.

मग एके दिवशी दुपारी दवाखान्याच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. आत माझ्या अकराच्या अकरा पट्ट्या, पातळ कागदात गुंडाळलेल्या. एक पत्र. आणि रेघा आखलेला एक मोठा कागद. त्यावर डाव्या बाजूला तास, वर दिवस आणि चौकोनाचौकोनांत आकडे. मराठी आकडे! ४, ७, ७, ९. प्रत्येक आकडा असा जपून काढलेला, जसं एखादं पहिलीतलं मूल पाटीवर काढतं.

पत्र आमच्या मुख्य नर्सबाईंनी मला हळूहळू वाचून दाखवलं. गुडघ्याचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं, ते मला सांगायचं राहून गेलं, त्याची त्यानं माफी मागितली होती. दवाखान्यात भरती होण्याआधी पाच दिवस त्यानं पट्ट्या लावून पाहिल्या होत्या. सकाळी चार नंबरची जवळची, दुपारी सात नंबरची, संध्याकाळी नऊ नंबरची. 'पण तुमच्या वडिलांना खरं सांगा,' त्यानं लिहिलं होतं, 'यातली कुठलीच पूर्ण जुळत नाही. का जुळत नाही ते मला पडल्या पडल्या सुचलं आहे. मी कामावर आलो की या. तुम्हाला ते चित्र बाजूनं दाखवायचं आहे.'

मी गेले तेव्हा तो काठी घेऊन उभा होता. मला त्यानं चित्रासमोर नेलंच नाही, भिंतीकडे नेलं. भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून कडेनं बघ, म्हणाला. "मी तिकडे कोपऱ्यात बसतो. सगळे लोक समोरून बघतात. मी चौदा वर्षं कडेनं बघतो."

मी बघितलं. चित्राचं कापड चौकटीवरून मागं दुमडलेलं होतं. त्या दुमडीवर समोरचा पिवळा येऊन संपत होता, आणि जिथं तो संपत होता तिथं त्याच्या खालचा थर उघडा पडला होता. तो लाल होता. विटेसारखा, मातीसारखा लाल. सगळ्या पिवळ्याच्या खाली तो पसरलेला होता आणि समोरून कोणाला दिसत नव्हता.

"गेरू!" मी मोठ्यानं म्हटलं.

"गे-रू?" त्यानं विचारलं.

"गेरू," मी पुन्हा सांगितलं, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही. आमच्याकडे घराघराच्या भिंतींना खालून जो पट्टा ओढतात तो गेरू. बाबांच्या पुडीत कायम असायचा तो गेरू.

त्याच संध्याकाळी मी बाबांना सहा पानी पत्र लिहिलं. दुमडीची आकृती काढली. तक्ता जोडला. पट्ट्या हरवल्यासारख्या झाल्या होत्या, तेही सांगून टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिलं अख्खं पान त्या आकड्यांवरच होतं. 'या माणसाचा सात पाहा,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी वर्गाला दाखवला. म्हटलं, आपण सात लिहितो, यानं सात काढला आहे.' आणि मग दुसऱ्या पानावर:

'मी दहा वर्षं गेरू पेवडीत कालवत होतो. तो कालवायचा नव्हता, खाली घालायचा होता. आता तुझी माय म्हणते की हे तिला विचारलं असतं तर तिनं केव्हाच सांगितलं असतं. तिनं सांगितलं नसतं, पण मी वाद घातला नाही.'

पुढच्या पत्रात बारावी पट्टी आली. आधी गेरूचा हात, तो वाळल्यावर वरून पिवळ्याचे दोन पातळ हात. सोबत राखणदारासाठी इंग्रजीत चिठ्ठी होती, 'आदरणीय महोदय' पासून सुरू होणारी. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली. त्यानं कोटाचं बटण लावलं, पट्टी घेतली, ठरलेल्या जागी जाऊन उभा राहिला आणि एक डोळा मिटला. फार वेळ तसाच उभा होता. एक शाळेतल्या मुलींचा घोळका आला, त्याच्याभोवतीनं वळून गेला, तरी तो हलला नाही.

"जवळजवळ," शेवटी म्हणाला.

मी ते तसंच लिहून कळवलं. बाबांचं उत्तर एका ओळीचं होतं. 'खूश करायले बोलला नाही, माणूस चांगला आहे.'

पुढं दीड वर्ष मी तिकडे होते. महिन्यातून एकदा तरी जायचे. आमच्यात फार बोलणं होत नसे. तो मला गुडघा कसा आहे ते सांगायचा, मी पायाचे व्यायाम दाखवायचे. एकदा त्याच्या बायकोनं केलेला सफरचंदाचा केक त्यानं डब्यात आणला आणि बाहेरच्या बाकावर आम्ही दोघांनी खाल्ला. परत निघायच्या आधीच्या रविवारी निरोप घ्यायला गेले. त्या दिवशी माझ्याजवळ पट्टी नव्हती, तक्ता नव्हता, कोणाचं काम नव्हतं. त्यानं आपली खुर्ची ओढून मधोमध ठेवली आणि मला बसवलं. स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला. मी बसले. किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. दोनची गाडी चुकली एवढं आठवतं. निघताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "गेरू." दुसरा मराठी शब्द त्याला येत नव्हता.

घरी आले तेव्हा बाबांचे केस पुष्कळ पिकले होते. चहा होतो न होतो तोच म्हणाले, "चाल."

"आता तर आली पोरगी," माय ओरडली. "थोडी बसू तर दे."

तिसऱ्या दिवशी गेलो. केळापूरच्या पलीकडची एक वस्ती. नवीन विटांची खोली, पुढे कडुनिंब. दार पूर्वेला होतं आणि सकाळचं ऊन आत थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं होतं. बाबांनी मला उंबऱ्यापाशीच थांबवलं, नेमकी जागा दाखवून. भिंतीवर चीवर होतं. ते हळदीसारखं नव्हतं आणि मातीसारखंही नव्हतं. आत कुठेतरी ऊब असावी आणि ती वर यावी, तसा तो पिवळा होता. खोलीत दोन बाया गहू निवडत बसल्या होत्या. त्यांना तो रोजचा होता. त्या आपल्या बोलत होत्या, हसत होत्या, मध्येच एकीनं सूप झटकलं.

बाहेर येऊन आम्ही निंबाखाली बसलो, मोटरला वेळ होता. मग त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत, इतक्या पत्रांत, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"तुले कसं वाटलं ते चित्र?"

माझ्या तोंडाशी काही मोठं आलं होतं. पण बाबांना खूश करायला बोललेलं चालत नसे. मी आठवून पाहिलं.

"पहिले तर काहीच नाही वाटलं," मी म्हटलं. "मंग शेवटच्या दिवशी लय भूक लागलती मले. गाडी जाऊन राह्यली हेबी मालूम होतं. तरी उठू नये वाटलं."

बाबांनी मान डोलावली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "मंग पाह्यलं तू."